कोकमाचे दोन थेंब

काल संध्याकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर शेजाऱ्यांच्या नातीच्या वाढदिवसाला सगळे जमलो होतो. खालच्या मजल्यावरच्या दिनूकाकांच्या हातात कोकम सरबताचा ग्लास आला. त्यांनी सहज त्यात बोट बुडवलं आणि दोन थेंब बाजूला उडवले. पिणारी माणसं पहिल्या घोटाआधी देवाच्या नावानं उडवतात, अगदी तसेच. काकांनी दारू सोडल्याला वर्ष होऊन गेलं, पण त्यांच्या बोटाला हे अजून कुणी कळवलेलं नाही.

बघणारे अवघडले आणि उगाच केककडे बघू लागले. काका मात्र स्वतःच हसले. म्हणाले, "मी सोडली, मग देवालाही कोकमावर आणलं."

मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. सोडणं म्हणजे एके दिवशी बाटली फेकून मोकळं होणं, अशी माझी समजूत होती. खरं तर ग्लास समोर आला की जुना हात पुढे येतोच, आणि त्याला चारचौघांत, न चिडता, पुन्हा समजवावं लागतं. हे काम रोजचं आहे. काका ते हसत करतात.

काकू शेजारच्याच खुर्चीत होत्या. पूर्वी काकांचं बोट असं ग्लासात गेलं की त्या मुकाट उठून खाली घरी जायच्या. काल एक लाल थेंब त्यांच्या पदरावर उडाला. त्यांनी तो हातानं पुसला आणि म्हणाल्या, "अहो, सगळं संपवू नका. मला ठेवा थोडं."