पहिल्या पडद्यावरचा पाहुणा

किल्लीवाले आबा घराबाहेर पडले की दाराची कडी ओढून बघायचे, चार पावलं जायचे आणि मागे येऊन पुन्हा ओढायचे. शेजारची शिंपीण याला आबांची कवायत म्हणायची. उभा जन्म लोकांची अडलेली कुलपं उघडण्यात गेला, त्यामुळे एखादं दार खरोखर बंद असू शकतं यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. इतक्या संशयी माणसाकडे लोक घराच्या किल्ल्या बिनघोर सोपवत होते, ही गंमत वेगळीच.

दुकानात बसून आबांनी स्वतःचं एक कुलूप रचलं होतं. त्याची चित्रं घरच्या कॉम्प्युटरवर होती. लेकीने तो कॉम्प्युटर मराठीत करून दिला होता, चित्रं काढायला शिकवलं होतं, आणि तेवढ्यापुरतं आबांचं त्याच्याशी बरं चाललं होतं.

मग तो मंद चालायला लागला. आबांच्या मनात पाल चुकचुकली. इथे टिचकी मार, तिथे टिचकी मार असं करत ते एका यादीपाशी पोचले. या यंत्रात कोणाकोणाची खाती आहेत त्याची ती यादी. आबांचं एक खातं होतं, ते ठीक. पण खाली 'व्यवस्थापक' नावाचा कोणी होता. त्याच्याखाली नुसत्या अक्षरांचा गिचमिड कोणी होता. आणि सगळ्यात खाली होता 'पाहुणा'.

आबांनी ते नाव पुन्हा वाचलं. कारण या घरात पाहुणे एकच होते. जावयाला 'पाहुणे' म्हणायची आबांची लग्नापासूनची सवय. त्याचं नाव त्यांनी कधी घेतल्याचं लेकीलाही आठवत नव्हतं. पाहुणे कामाला होते तो कारखाना बंद पडला तेव्हापासून नवराबायको आबांकडेच राहायला आली होती. आणि कारखाना कसला, तर कुलपांचा.

यादीतल्या पाहुण्याच्या चित्रावर खाली तोंड केलेला एक बारीक बाण होता. त्याचा अर्थ आबांना कळेना. पण अनोळखी कुलूप हातात आलं की आधी उघडून बघायचं, हा हाताला लागलेला धडा. टिचकी मारल्यावर उघडलेल्या चौकटीत 'हे खाते बंद आहे' यापुढची खूण त्यांनी काढून टाकली. काहीच घडलं नाही. बाण तेवढा नाहीसा झाला.

दुसऱ्या दिवशी लेक प्रयोगशाळेत कामाला गेल्यावर आबांनी कॉम्प्युटर सुरू केला, तर पहिल्याच पडद्यावर त्यांच्या शेजारी पाहुणा बसलेला. काल हा इथे नव्हता. आबांच्या डोक्यात तिडीक गेली.

जावई स्वयंपाकघरात कप विसळत होता.

"पाहुणे, माझ्या कुलपाची चित्रं कोणाला दाखवलीत?"

"कसली चित्रं, आबा?"

"माझ्या कॉम्प्युटरमध्ये खातं काढलंत, तेही उघड नाव लावून. राहायला जागा दिली, ती पुरली नाही का?"

जावयाने कप उपडा ठेवला, हात पुसले, चपला घातल्या आणि तो निघून गेला. दार मात्र हळूच ओढून घेतलं.

आबांनी लगेच लेकीला फोन लावला. तिने खात्याचं सगळं ऐकून घेतलं.

"आबा, तो पाहुणा कॉम्प्युटरबरोबरच येतो. बाकीचे दोघंही. कंपनीच बनवते त्यांना, आणि बंद ठेवते. बाण म्हणजे बंद."

"मग हा उघडला कसा?"

"तुम्ही कुठे हात लावलात?"

आबांनी खुणेची गोष्ट सांगितली.

"यांना काही बोलला नाहीत ना?" लेकीने विचारलं. ते निघून गेलेत एवढंच आबांनी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "तसं असेल तर आम्ही दुसरीकडे जागा बघतो." आणि तिने फोन ठेवला.

आबांनी खूण परत लावली. पाहुणा पडद्यावरून गेला. त्याने बरं वाटायला हवं होतं, पण घर खायला उठलं. जावयाचा फोन फळीवर चार्जिंगला लागलेला होता. त्याला शोधायला जावं म्हणून आबांनी चप्पल घातली, दाराला हात घातला आणि तिथेच थबकले. आपण गेलो आणि मागून तो आला तर आत येणार कसा? त्याच्याकडे किल्ली नव्हती.

किल्ली नव्हतीच कधी. इतके महिने तो बेल वाजवत होता आणि आबा दार उघडत होते. गावभरच्या लोकांना किल्ल्या करून देणाऱ्याला हे सुचलंच नव्हतं, की सुचू दिलं नव्हतं, हे आबांचं त्यांनाच सांगता येईना. त्यांना स्वतःची शरम वाटली.

बाल्कनीत किल्ली घट्ट धरून ठेवायचा छोटा शिकंजा होता. आबांनी कोरी किल्ली अडकवली आणि कानस चालवायला घेतली. जिन्यात पाऊल वाजलं की हात थांबायचा. पाऊल वरच्या मजल्यावर जायचं. एक खाच खोल गेली, किल्ली फुकट गेली. दुसरी घेतली. तीही धड जमेना, पण हात थांबवणं त्याहून कठीण होतं.

बेल वाजली. एकदाच, हलकी, जावई वाजवायचा तशी.

आबा दारापाशी गेले. दार न उघडता त्यांनी किल्ली खालच्या फटीतून बाहेर सरकवली. बाहेर ती उचलल्याची किणकिण झाली. मग कुलपात किल्ली शिरली, अर्धी फिरली आणि अडकली.

"दुसरी खाच जरा घासावी लागेल," पाहुणे बाहेरून म्हणाले.

"घासू," आबा म्हणाले, आणि त्यांनी आतून दार उघडलं.