होय साहेब!

बंदराच्या सुरक्षा खात्यातल्या एका बाईंना वर्गात सगळे ताई म्हणत. वर्गही साधासुधा नव्हता. अर्धे लष्करी अधिकारी, बाकीचे पोलीस, तुरुंग, बंदर अशा खात्यांतले; सगळे संरक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घ्यायला खात्याने पाठवलेले. ज्यांच्या एका हाकेने पलटणी हलायच्या, ते इथे प्रबंधाच्या तळटिपा देताना घामाघूम व्हायचे. ताईंचं दुखणं वेगळं होतं. निबंधात त्या भल्याभल्यांना पाणी पाजत, पण वरच्या हुद्द्याचा माणूस समोर आला की तोंडातून ब्र निघत नसे.

हे बाळकडू वडिलांनी पाजलेलं. ते त्याच बंदराच्या फाटकावर जन्मभर पहारेकरी होते. "साहेबाला फक्त 'होय साहेब' म्हणायचं, पोरी. नोकरी टिकते."

शेवटच्या परीक्षेला सगळे मोठ्या नकाशाभोवती जमले. बंदरात स्फोट झालाय, असं धरून चालायचं होतं. प्रमुख ताई, आणि वर्गातले एक कर्नल त्यांच्या हाताखाली. "जो प्रमुख स्वतः निर्णय घेणार नाही, तो नापास," असं प्राध्यापिकाबाईंनी आधीच बजावलं होतं.

कर्नलनी टेबलावर हात आपटला. "सगळी फाटकं बंद करा! ताबडतोब!"

"होय साहेब!" ताई बोलून गेल्या.

वर्गात खसखस पिकली. प्राध्यापिकाबाईंनी गुण द्यायला पेन उचललं. आता सगळी मेहनत पाण्यात, हे ताईंना लख्ख दिसलं, आणि त्यांना स्वतःचाच असा काही राग आला की भीती कुठल्या कुठे पळाली.

"सवयीने बोलले," त्या म्हणाल्या. "फाटकं बंद होणार नाहीत. आतले हमाल जीव घेऊन फाटकाकडेच धावणार. आधी माणसं बाहेर, मग कुलूप. तुम्ही जवान घेऊन रस्ता मोकळा करा."

कर्नलनी नकाशा पाहिला, मग ताईंकडे पाहिलं. "पटलं. निघतो."

संध्याकाळी वडील दारात खुर्ची टाकून बसले होते. "काय गं, काय झालं?"

"कर्नलसाहेबांना उलट बोलले, बाबा."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. "अगं, मग?"

"मग काय, पास झाले! वर्गात पहिली."

वडिलांनी तिचा हात घट्ट धरला.

"आता आत चला बघू, गार वारा सुटलाय," ताई म्हणाल्या.

ते गुडघ्यावर हात टेकून उठले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि फाटकावर राहायचे तसे ताठ उभे राहिले.

"होय साहेब!"