विहिरीवरची जागा

साल दोन हजार तेवीस. मी बहात्तर वर्षांचा होतो आणि माझ्या एकुलत्या एका मुलीच्या घरात दोन वर्षांत मी पाऊल टाकलेलं नव्हतं. भांडण काही नव्हतं. भांडण असतं तर मिटलं असतं. प्रश्न शब्दाचा होता, आणि शब्द माझा होता.

आमची वाडी गिरीजला. केळी, नारळ, थोडी भाजी, मधोमध विहीर आणि विहिरीला लागून घर. मुलगी लग्नानंतर काही वर्षं भाड्याने राहिली, मग जावयाने विरारजवळ चंदनसारला सातव्या मजल्यावर जागा घेतली. घराला आशीर्वाद द्यायला फादर आले तेव्हा लिफ्ट सुरू झाली नव्हती. तरी सगळे वर गेले. माझी थोरली बहीण गुडघे धरत, दर मजल्यावर देवाला हाक मारत वर गेली. मी खाली वॉचमनच्या खुर्चीवर बसलो. जावई न्यायला आला तेव्हा चार पाहुण्यांदेखत मी म्हणालो, "अधांतरी घरात मी पाय ठेवत नाही. पायाखाली माती असेल तिथेच ठेवीन."

बोलणं झकास झालं. पाहुणे हसले, एकाने तर पाठ थोपटली. पण चांगलं बोललेलं पुढे पाळावं लागतं, हे पाठ थोपटणारे सांगत नाहीत. केक खाली आला, तो मी खुर्चीवर बसून खाल्ला.

मुलगी दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की जावयाला घेऊन वाडीवर येते. पहिल्या वर्षी ती निघताना दर वेळी विचारायची, "बाबा, कधी येता?" दुसऱ्या वर्षी सणासुदीला विचारायची. मग तिने विचारणंच सोडलं. मला वाटलं, बरं झालं, सुटलो. पण त्यानंतर बायको एकटीच चंदनसारला जायची तेव्हा मला घरातल्या घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. घड्याळ काही नवीन नव्हतं.

आता ताऱ्यांचं सांगतो.

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. गेलो म्हणजे बसलो. पण आभाळ मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. नाताळच्या आधी थंडी पडली की एखाद्या रात्री आमच्या वाडीवर तारे तुटतात. एकदोन नव्हे, पुष्कळ. आमच्याकडे पूर्वी पंपाची वीज मध्यरात्रीनंतर यायची. पंप चालू करून, पाटाचं पाणी केळीच्या शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत मी विहिरीच्या काठाला गोणपाट टाकून उताणा पडायचो. तारा समुद्राकडे पळो नाहीतर डोंगराकडे, त्याची रेघ मनातल्या मनात मागे ओढली की एकाच जागी जायची. आणि ती जागा बरोबर आमच्या विहिरीच्या वर. माझ्या बापाने ती मला दाखवली, बापाला त्याच्या बापाने. घरात तिला 'विहिरीवरची जागा'च म्हणत. तारा तुटला की आई कपाळाला क्रूस करून एक 'नमो मरिया' म्हणायची, आणि त्या रात्री बिचारी कायम मागे पडायची. एक प्रार्थना संपायच्या आत तिकडे दोन तारे तुटलेले असायचे.

शेजारच्या वाडीवाल्याने एकदा मला सांगितलं की तारे त्याच्या विहिरीवरून सुटतात. मी त्याला तोंडावर हसलो. त्याची विहीर मे महिन्यात आटते.

तर त्या डिसेंबरातल्या रविवारी मी अंगणात कोयत्याने नारळ सोलत होतो. मुलगी आईजवळ वाल सोलत बसली होती. जावई मोबाईलमध्ये बघून म्हणाला, "बाबा, या गुरुवारी रात्री उल्कावर्षाव आहे. अमावास्या आत्ताच होतेय, म्हणजे चांगला अंधार मिळेल. मिथुन राशीतून आल्यासारखे दिसतात."

"कुठून?"

"मिथुन. ते दोन तारे जवळजवळ असतात ना, त्यांच्यापासून."

"आमच्या विहिरीवरून येतात ते."

जावई सभ्य माणूस. तो गप्प बसला असता. पण मुलगी माझी आहे. वालाचं सालपट टाकत ती म्हणाली, "आमच्या गच्चीवरूनपण दिसतात, बाबा. मागच्या वर्षी बघितले. बरोबर पाण्याच्या टाकीवरून सुटत होते."

मी कोयता खाली ठेवला. "कुणाच्या टाकीवरून?"

"सोसायटीच्या."

"काय हो जावईबुवा," मी म्हणालो, "पोरगी नेलीत ती नेलीत, आता तारेसुद्धा?"

"घ्या," बायको वाल सोलतच म्हणाली. "आता आभाळाचाही सातबारा काढून आणा तलाठ्याकडून."

"त्यांना दिसलं ते चुकीचं दिसलं. तिथून बघितलं तर तारे गिरीजच्या बाजूने येताना दिसायला पाहिजेत."

"मग येऊन बघा ना," मुलगी बोलून गेली.

बोलली आणि लगेच मान खाली घालून वालात हात घातला. तिने ठरवून सोडलेलं विचारणं चुकून तोंडातून निसटलं होतं, आणि आता मी काय म्हणतो ते तिला ऐकायचं नव्हतं. कान मात्र माझ्याकडे होते. लहानपणी वीज कडाडण्याची वाट बघताना ती अशीच बसायची.

"येतो," मी म्हणालो. "गच्चीवर."

बायकोने मान वर केली. "गच्चीवर माती आहे वाटतं?"

"गच्ची सोसायटीची. मी घर म्हणालो होतो."

"आणि मधले सात मजले?"

"तो जिना आहे. जिन्यात कोणी राहत नाही."

गुरुवारी संध्याकाळी आम्ही निघालो. मी गोणपाट, शाल आणि माझ्यापुरता जेवणाचा डबा घेतला. बायकोने डब्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला रिक्षा चंदनसारला पोचेपर्यंत ऐकू येत होतं.

लिफ्ट सातव्यापर्यंत. तिथून गच्चीचा जिना मुलीच्या दारावरूनच जातो. दार सताड उघडं होतं. ही पोरगी डास येतात म्हणून आमच्याकडेसुद्धा दिवे लागले की दारं लावत फिरते, त्यामुळे दार कुणासाठी उघडं होतं ते मला समजलं. मी समोर बघत वर गेलो. तरी डोळ्यांना जे दिसायचं ते दिसलंच. दारावर नाताळचा तारा लावलेला. आत पांढऱ्याशुभ्र लाद्या. कोपऱ्यात गोठा मांडायला घेतलेला. मेंढ्या होत्या, मेंढपाळ होता, येशूबाळ अजून यायचं होतं. गोठ्याखाली पसरलेली माती आमच्या वाडीतली. आदल्या रविवारी तिने पिशवीत भरून नेली, तेव्हा मी पाहिलं होतं. म्हणजे मेंढ्यांची सोय झाली होती.

गच्चीवर मी डबा खाल्ला. बायको खाली मुलीकडे जेवून पदराला हात पुसत वर आली आणि न विचारता म्हणाली, "तिसऱ्यांचं कालवण होतं." शिंपल्यांत तिसऱ्या मला किती आवडतात हे त्या दोघींना ठाऊक आहे.

पहिले तारे दिसायला लागले ते पूर्वेच्या डोंगराकडून. एक लांबलचक, आडवा, आमच्या डोक्यावरून थेट समुद्राकडे गेला. मी खूश झालो.

"टाकीवरून कुठे? डोंगरामागून येतायत."

"थांबा, बाबा," जावई म्हणाला. "रात्र चढेल तशी ती जागापण वर चढते. सूर्य चढतो तशी."

"माहीत आहे मला," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं. वाडीत मी मध्यरात्रीच्या आधी कधी वर बघितलंच नव्हतं. तेव्हा वीजच नसायची.

विरारचे दिवे खालून आभाळ पुसत होते, बारीकसारीक तारे त्यात बुडालेले. पण तुटणारे ठळक होते. जागा हळूहळू वर सरकत होती. मी शाल गुंडाळून गोणपाटावर उताणा झालो. मध्यरात्र उलटली, आणि एक तारा गिरीजच्या बाजूला गेला. येतोय असं नव्हे, जातोय. मी रेघ मागे ओढली. एक समुद्राच्या बाजूला, अर्नाळ्याकडे गेला. त्याचीही ओढली. एक सरळ डोंगराकडे परत गेला. सगळ्या रेघा टाकीवर. काळ्या प्लास्टिकची, वर वीट ठेवलेली टाकी, आणि आमच्या घराण्याची जागा तिच्या डोक्यावर जाऊन बसलेली.

मी उठलो. गोणपाट उचललं आणि गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, टाकीपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब नेऊन टाकलं. पडलो. टाकी मागे राहिली. जागा माझ्याबरोबर आली. तिसऱ्या कोपऱ्यात गेलो. तिथेही आली.

"आता खाली वॉचमनच्या खुर्चीवरून बघा," बायको म्हणाली. "ती तुमच्या ओळखीची आहे."

जावई काही सांगायला पुढे सरकला. मुलगी त्याला म्हणाली, "तू थांब." मग ती आली आणि माझ्या शेजारी त्याच गोणपाटावर उताणी पडली. असं ती परकर घालत होती तेव्हा पडायची.

"बाबा, नारळ आठवतात?"

"नारळांना काय झालं?"

"मी लहान असताना आपण नारळांखाली असंच पडलो होतो. मी विचारलं, खाली सगळे लांब लांब उभे आहेत, मग वर डोकी एकत्र का येतात?"

"मी काय सांगितलं?"

"म्हणालात, आपल्याबद्दल बोलतायत."

"मग? खोटं आहे का?"

"पुढे ऐका. मग मी गोणपाट ओढत विहिरीच्या पलीकडे नेलं. तिथे परत माझ्याच डोक्यावर जमले. भाजीच्या वाफ्याजवळ नेलं, तिथे पण. आणि उठून बघितलं, तर सगळे आपापल्या जागी सरळ. कोणी कोणाकडे वाकलेलं नाही."

त्या वेळी एक तारा तुटला, एवढा ठळक की गच्चीच्या कठड्याची सावली पडली असं मला वाटलं. बायकोने कपाळाला क्रूस केला.

"तसेच हे," मुलगी म्हणाली. "सगळे सरळ, एकमेकांच्या बाजूबाजूने येतात. खूप लांबून येतात म्हणून एका जागेवरून सुटल्यासारखे दिसतात. गिरीजला बघा, चंदनसारला बघा. बघणाऱ्याला आपल्याच डोक्यावरून वाटतात."

म्हणजे शेजारचा वाडीवाला खरं बोलत होता. हे मला सगळ्यात जास्त लागलं. अर्थात त्याची विहीर आटते ती आटतेच.

"म्हणजे ही तुमच्या टाकीवरची जागा नाही," मी म्हणालो.

"नाही."

"आमच्या विहिरीवरची पण नाही."

"नाही, बाबा."

मी विचार केला. "म्हणजे मी जाईन तिथे ती येते."

जावयाने तोंड उघडलं. "म्हणजे तसं अगदी..."

"राहू द्या हो," बायको त्याला म्हणाली. "एवढ्यावर आले हेच पुष्कळ आहे. बावन्न वर्षं बघतेय मी."

थंडी वाढली होती. बायको आणि जावई खाली गेले. मुलगी उठली, तिने माझी शाल पायांवर नीट केली आणि तिथेच उभी राहिली. मग हळू म्हणाली, "बाबा, खाली चला. चहा टाकते."

कितीतरी दिवसांनी तिने विचारलं होतं, आणि या वेळी चुकून नव्हे. तिच्या आवाजावरून मला कळलं की हे शेवटचं आहे. आत्ता नाही म्हटलं तर रविवारी ती वाडीवर येईल, वाल सोलेल, हसेल, बोलेल, आणि हा विषय आमच्या घरातून जाईल तो कायमचा.

पण शब्द दिला होता. चार पाहुण्यांदेखत. त्यातले दोघे आता मेले, म्हणून तर तो जास्तच मोडता येईना. जिवंत माणसाला समजावता येतं.

"आता नको," मी म्हणालो. "सकाळी."

"सकाळी काय?"

"सकाळी बघू."

ती गेली. थोड्या वेळाने परत आली, माझ्या अंगावर गोधडी टाकली आणि पुन्हा गेली. तिने डोळे पुसले का ते मला अंधारात दिसलं नाही. मी वर बघत पडून राहिलो. जागा आता पश्चिमेला कलली होती, टाकीचीही राहिली नव्हती. मला वाटलं, आमच्या विहिरीवरचं आभाळ जर रिक्षेशिवाय, कोणाला न विचारता इथवर येतं, तर बाकीच्या गोष्टींनी गिरीजलाच बसून राहायचं असं कोणी सांगितलंय?

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी जिना उतरलो. मुलीच्या दारावरून गेलो तेव्हा ते बंद होतं. पहिली मिळाली ती रिक्षा केली, वाडीवर गेलो, विहिरीच्या काठची, मी पडायचो तिथलीच माती फावड्याने अर्धी गोणी भरली आणि त्याच रिक्षेने परत आलो. वॉचमन म्हणाला, "आजोबा, सामान लिफ्टमधून न्यायचं नाही."

"हे सामान नाही," मी म्हणालो. "जमीन आहे."

सातव्या मजल्यावर मी गोणी सोडली, माती तिच्या उंबऱ्यात ओतली, हाताने सारखी केली, चपला काढल्या आणि बेल वाजवली. मुलीने दार उघडलं. उंबऱ्याकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं, मग मागे वळून आपल्या पांढऱ्या लाद्यांकडे बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, "निदान पाय पुसून या."

मी दोन्ही पाय मातीत चांगले दाबले आणि न पुसता आत गेलो.