लाल मादी आणि खिडकीतलं हिरवं पीस

अंबरपेठचा तो पोपट आठवला की आजही माझं डोकं गरगरतं, आणि मागोमाग लाज वाटते.

बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आमच्या पोलीस ठाण्यात आल्या. त्यांचा परदेशी पोपट चोरीला गेला होता. अंग हिरवंगार, चोच नारिंगी. "घरात बोलायला दुसरं कोणी नाही हो मला," म्हणाल्या. गुन्हा नोंदवला.

आठवड्याने खबऱ्याने टीप दिली. गौलीगुड्यात एका शिंप्याच्या घरात परदेशी पोपट ओरडतो. गेलो. लाकडी पेटीत पक्षी होता खरा, पण लालभडक, पोट निळं, चोच काळी! खिडकीत मात्र एक हिरवं पीस पडलेलं. हवालदार म्हणाला, "रंग मारा सर इने, पक्का." शिंप्याने तो रंगवलाय हे मलाही पटलं. रंगवलेली कोंबडीची पिल्लं बाजारात कमी का पाहिली होती?

शिंपी मूळचा नांदेडकडचा. हात जोडून म्हणाला, "साहेब, पाच वर्षांपासून आहे माझ्याकडं. अंड्यांवर बसलीय, नक्को उचलू तिला."

"गप्प बस!" मी म्हणालो. पंचनामा केला, पक्षी मुद्देमाल म्हणून जप्त केला आणि शिंप्यालाही ठाण्यात आणलं.

ओल्या कापसाने पुसलं, साबण लावला. रंग जाईना, हवालदाराचं बोट तेवढं रक्तबंबाळ झालं. शिंप्याला काहीही विचारा, उत्तर एकच, "अंडी गार होतील, साहेब." हा तोच पोपट म्हणावा तर लाल, रंगवलेला म्हणावा तर रंग निघत नाही, मग पीस कुणाचं? मती गुंग झाली.

सकाळी शिंप्याची बायको धावत आली. "साहेब, खिडकीत एक हिरवा आलाय. आठ दिवस झाले येतो, हे दुकानात असतात तेव्हा. आज नुसता ओरडायलाय."

शिंपी, त्याचा पक्षी, बाई आणि जनावरांचे डॉक्टर, सगळ्यांना घेऊन त्याच्या घरी गेलो. बाईंनी शीळ घातली, तसा हिरवा त्यांच्या खांद्यावर! डॉक्टर म्हणाले, "अहो, हा नर, ती मादी. जात एकच, यांच्यात नर हिरवा आणि मादी लालच असते. मादी अंड्यांवर बसते, नर तिला भरवतो." चोर कोणी नव्हताच. पिंजऱ्याची कडी बाईंकडूनच उघडी राहिली होती.

मादीला पेटीत परत ठेवलं. आत दोन अंडी होती, गार पडलेली. तरी ती त्यांच्यावर बसली.

शिंपी रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "चहा घेता का, साहेब?"

पुढे नोकरीभर समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकल्याशिवाय मी कुणाच्या घरातली वस्तू उचलली नाही. त्या माणसाने मला पहिल्याच मिनिटाला सगळं खरं सांगितलं होतं.