अनिता घारे मावळाबाहेर पडली

आंबीच्या अनिता घारेनं चौदा वर्षं एकाच रस्त्यावर सायकल चालवली. घरापासून कंपनीच्या गेटपर्यंत, आणि गेटपासून घरापर्यंत. आत वायरींना टोप्या बसवायचं काम. मधल्या सहा वर्षांत तिला सोबत होती ती निर्मला आगिवलेची. निर्मला कुरवंड्याजवळच्या ठाकरवाडीतली. कंत्राटावर लागली तेव्हा आंबीत खोली घेऊन राहिली, आणि पहिल्याच आठवड्यात दोघी जोडीनं सायकल मारायला लागल्या. गेट दिसलं की निर्मला म्हणायची, "ताई, आज वळायचं न्हाई. सरळ जाऊ."

रोज म्हणायची, आणि रोज दोघी वळायच्या.

पुढे निर्मलाचं कंत्राट संपलं. ती कुरवंड्याला परत गेली आणि एका बंगल्यावर स्वयंपाकाला लागली. गेल्या दिवाळीत अनिताची लाइनच कंपनीनं दुसरीकडे हलवली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी ती घरी बसली. चार दिवस तिनं डबे घासले, माळा आवरला. पाचव्या दिवशी निर्मलाला फोन लावला.

"निर्मला, आता गेट न्हाई. जायचं का सरळ?"

पलीकडून आधी नुसतं हसू ऐकू आलं. मग प्रश्न आला, "कुटपर्यंत?"

"मालवण. समुद्राकडंनं."

निर्मलानं समुद्र पाहिलेला नव्हता. अनितानं एकदाच पाहिला होता, गणपतीपुळ्याच्या ट्रिपमध्ये. बसवाल्यानं अर्धा तास दिला होता, त्यातला निम्मा चपला शोधण्यात गेला.

तळेगावातून दोन जुन्या गिअरच्या सायकली मिळाल्या. महिनाभर सराव झाला. अनिताचा नवरा भिमाजी सुरुवातीला नुसताच सायकलीभोवती फिरायचा. मग एका संध्याकाळी सायकलची चेन पुसताना म्हणाला, "जा. पण हायवेनं जायचं न्हाई. ट्रकवाले बघत न्हाईत." म्हणून ठरलं की कुरवंड्याहून निघायचं, लोणावळ्यातून दुधिवरे खिंडीनं पवनेच्या खोऱ्यात उतरायचं आणि तिकोणा पेठेवरून मुळशीकडे जायचं. आदल्या दिवशी भिमाजीनंच पिकअपमधून सायकल कुरवंड्याला पोचवली.

जानेवारीतली सकाळ होती. निर्मलाच्या दारात तिची मुलगी चिंगी दोघींचे फोटो काढत होती आणि "आई, पोट आत घे" असं ओरडत होती. मागच्या कॅरिअरला पिशव्या, पिशव्यांवर वाळत घातल्यासारखे दोन टॉवेल. अनितानं पायडलवर पाय ठेवला खरा, पण उतार लागल्यावरही आपण ब्रेक दाबून धरलाय हे तिच्या ध्यानात आलं नाही.

"सोड की!" निर्मला पुढून ओरडली.

अनितानं ब्रेक सोडला. गार वारा कानात शिरला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डावीकडे गवतावर दव, उजवीकडे बंगल्यांची बंद फाटकं. आज कुठलाच भोंगा वाजणार नव्हता. ती मोठ्यांदा ओरडली, नुसतंच "ए!" एक कुत्रं दचकून बाजूला झालं.

लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीची दुकानं नुकती उघडत होती. तिथे रस्त्याच्या मधोमध एक माणूस दोन्ही हात पसरून उभा होता. भिमाजीचा पुतण्या, सुरज.

"काकू! थांबा! काकांचा फोन आलता."

मग चहा झाला. वडापाव झाला. सुरजनं दोन किलो चिक्की पिशवीत कोंबली, वर टायरमधली हवा दोनदा तपासली. चहावाल्याला, पेपरवाल्याला, रिक्षावाल्याला सांगून झालं की आमच्या काकू मालवणला चालल्यात. रिक्षावाला म्हणाला, "सायकलवर? का हो, गाडी न्हाई मिळाली?" तिथेच पाऊण तास गेला.

दुधिवरे खिंडीचा चढ लागला तेव्हा ऊन वर आलं होतं. सगळ्यात हलक्या गिअरवरही पाय जड झाले. शेवटच्या वळणाला दोघी खाली उतरल्या आणि सायकली ढकलू लागल्या. निर्मला डोंगरातली, तिला दम लागत नव्हता. अनिताला मात्र बोलता येत नव्हतं.

"ताई, चिक्की फेकू का? वजन कमी व्हईल."

"फेकू नको," अनिता धापा टाकत म्हणाली. "खा."

खिंडीत बसून दोघींनी हातानं फोडून फोडून चिक्की खाल्ली. खाली पवनेचं पाणी चकाकत होतं, पलीकडे तुंग आणि तिकोणा हे गड. अनिताचं माहेर त्याच खोऱ्यातलं, पण तिनं ते असं वरून कधी पाहिलं नव्हतं. एसटीत तिला कायम खिडकीपासून लांबची जागा मिळायची. उतारावर दोघींनी जे सायकली सोडल्या ते पाण्याजवळ येईपर्यंत पायडल मारावं लागलं नाही. काठावरच्या तंबूंमधली शहरातली पोरं हात हलवत होती. निर्मला दोन्ही पाय बाहेर काढून किंचाळत होती.

पवनानगरच्या चौकात अनिताचा भाऊ स्वराज मोटरसायकलवर वाट पाहत होता.

"दाजींचा फोन आलता," तो म्हणाला.

निर्मलानं हँडलवर कपाळ टेकलं.

स्वराजच्या घरी पुरणपोळीचा बेत होता. नको म्हणायची सोय नव्हती. वहिनी वाढत राहिली, शेजारच्या बायका सायकली बघून गेल्या, एकीनं अंगणात फेरी मारली आणि तुळशीला धडकली. जेवण झाल्यावर स्वराजनं चटया अंथरल्या. "जरा पडा. ऊन लय हाय. आजची रात हितंच ऱ्हावा, उद्या बघू."

अनिता पडली नाही. ती ओसरीवर गेली आणि नवऱ्याला फोन लावला.

"तुमी किती जणांना फोन केलाय?"

भिमाजी नुसता खाकरला.

"अहो, मी इचारते काय?"

"सुरजला. स्वराजला. आन् तिकोणा पेठंच्या मावशीला." मग तो म्हणाला, "राती झोप न्हाई आली मला. ओळखीचं कुणी बघितलं की बरं वाटतं."

अनिताचा राग अर्धा उतरला, पण अर्धा राहिला. "दुपार कलली तरी आमी अजून मावळातच हाय. असं चाललं तर मालवणला दिवाळी व्हईल. आता कुणाला फोन करू नका. मी करीन तुमाला, रोज संध्याकाळी. काय?"

"व्हय," भिमाजी म्हणाला. मग हळूच, "चढ जमला का खिंडीचा?"

"जमला," ती म्हणाली, आणि तिला एकदम हसू फुटलं. "शेवटी ढकलली. पर जमला."

साडेतीनला त्या निघाल्या. स्वराज जरा रुसलाच. रस्त्यात निर्मलानं विषय काढला. "मावशी म्हंजे तू सांगतीस त्या कस्तुराबाई ना? तुज्या लग्नात ज्यांनी वऱ्हाडाला दोनदा जेवाय घातलं?"

"त्याच. त्यांच्या तावडीत सापडलो तर परवा सुटू."

दोघींनी रस्त्यातच बेत केला. तोंडाला ओढण्या गुंडाळायच्या, डोळ्यांना गॉगल, वर हेल्मेट. पेठेत शिरलं की मान खाली घालून जोरात मारायची, कुणी हाक मारली तरी बघायचं नाही. अनिताला आयुष्यात कुणाला असं चुकवायची वेळ आली नव्हती. तिला मजाही वाटत होती.

पेठ आली. पहिली घरं गेली. मारुतीचं देऊळ गेलं. आणि रस्त्याच्या कडेला, बरोबर मध्ये येता येईल अशा बेतानं, कस्तुराबाई उभ्या होत्या. वय बहात्तर, कासोटा घट्ट, हातात फडक्याचं गाठोडं.

"अने!" त्यांनी हाक मारली. "तोंड बांधलं म्हून मावशीला कळायचं न्हाई व्हय?"

अनिताचा पाय आपोआप खाली टेकला. तिनं ओढणी सोडली. "मावशी, ते... धूळ लय हाय ना."

"उतरू नको!" कस्तुराबाई ओरडल्या. "उतरू नको म्हंते ना. उजेड हाय तवर जवण गावाच्या पुढचा चढ चढा, पल्याड कोळवणला देवळात जागा भेटंल. हे घ्या, भाकरी आन् ठेचा. भिमाजी म्हनला, थांबवून घ्या. मी म्हनलं, बघू." त्यांनी गाठोडं अनिताच्या कॅरिअरवर बांधलं, गाठ दातांनी आवळली. मग सायकलच्या सीटला हात लावून त्या चक्क ढकलायला लागल्या. "चल! मार! मला पळवतीस का?"

पाच-दहा पावलं म्हातारी खरंच धावली. अनिता मागे वळून बघायला गेली तशी सायकल डगमगली.

"म्होरं बघ!" मागून आवाज आला.

जवणनंतरचा चढ दुधिवरेपेक्षा लहान निघाला, की तेव्हा दोघींच्या अंगात काही वेगळंच शिरलं होतं, कोण जाणे. त्या उतरल्या नाहीत. अनिता दर वळणाला मोठ्यांदा आकडे मोजत होती, निर्मला तिच्यापुढे सायकलभर अंतर ठेवून "ये, ये" करत होती. माथ्यावर पोचल्या तेव्हा ऊन तांबूस झालं होतं. पलीकडे मुळशी तालुका. भात काढलेली खाचरं, मध्येच वालाचे हिरवे पट्टे, अनोळखी गावांची कौलं.

"ताई, ह्या बाजूला तुजं कोण हाय?" निर्मलानं विचारलं.

अनितानं नीट विचार केला. आत्या, मावसनणंदा, जावांची माहेरं, सगळी मनात धुंडाळली.

"कुणीच न्हाई!" ती म्हणाली, आणि दोघी टाळी देऊन हसल्या.

कोळवणात पोचेपर्यंत दिवे लागले होते. देवळाशी एक बाई झाडत होती. तिनं दोघींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, हेल्मेटं पाहिली, धुळीनं भरलेल्या सलवारी पाहिल्या.

"कुठल्या गं तुम्ही? कुणाकडं आलात?"

चौदा वर्षांत हा प्रश्न अनिताला कुणी विचारला नव्हता.

"कुणाकडं न्हाई," ती म्हणाली. "मालवणला चाललोय."

बाईनं केरसुणी बाजूला ठेवली. "उद्या मग ताम्हिणी लागेल तुम्हाला. लांबडा घाट आहे."

"लागू दे," निर्मला म्हणाली, आणि भाकरीचं गाठोडं सोडायला बसली.