हूकवरची लाल रेघ

ती घटना आठवली की आजही आधी संताप येतो. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीलगतचे पोलीस ठाणे तेव्हा माझ्याकडे होते. खंडेनवमीच्या सकाळी एका लोखंड कारखान्यातील कामगाराचा फोन आला.

"साहेब, मॅडमनं क्रेनला कुलूप ठोकलं न् चावी घेऊन बसल्यात. शेठ बिलकुल ऐकून न्हाई राह्यले. जल्दी या, न्हाईतर हातघाई होईल."

स्टेशन डायरीत नोंद घेईपर्यंत मालक स्वतः ठाण्यात हजर झाले. तक्रार अशी की, देखभाल विभागाच्या अभियंता बाईंनी जाणूनबुजून उत्पादन बंद पाडले. "घाला आत! दुसऱ्या मिलवाल्यानं फोडलंय तिला."

मी त्यांच्यासोबतच घटनास्थळी गेलो. ही क्रेन वितळलेल्या लोखंडाची बादली माणसांच्या डोक्यावरून नेते. बाई धावडा गावच्या, वय चाळिशीचे. मी दरडावून विचारले, "कुणाच्या सांगण्यावरून केलं?"

"कुणाच्याच न्हाई, साहेब. हूकला तडा गेलाय असा मला संशय आहे. उचलताना आवाज बदललाय. बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या म्हणून तीनदा लिहिलं."

त्यांनी तीन पत्रांच्या प्रती पुढे ठेवल्या. तिन्हींवर आवक शिक्का होता. मी वाचू लागलो. 'सदर हूकची तपासणी यथावकाश होणे इष्ट राहील.' माझा पारा चढला. शिक्का मारून पत्र फायलीत गाडणाऱ्यांवर तर चढलाच, पण बाईंवरही.

"बाई, या पत्रात माणूस कुठं मरतो ते दाखवा मला!"

त्यांनी पत्रे गोळा केली. "असंच लिहायची रीत आहे, साहेब," एवढेच म्हणाल्या आणि उठल्या.

पूजेसाठी हूक माणसाच्या छातीइतका खाली आणलेला होता. भोवती झेंडूच्या माळा, ताटात कुंकू, कामगार उभे. "तडा असेल तर हेच दाखवेल," म्हणत बाईंनी वाटीभर कुंकू रॉकेलात कालवले.

"पूजेत रॉकेल?" मालक ओरडले. "हिला आवरा कुणीतरी!"

"शेठ, तुम्ही माझ्यासमोर तक्रार दिली आहे," मी म्हणालो. "आता पुरावाही माझ्यासमोरच होऊ द्या."

बाईंनी ते मिश्रण हूकच्या वाकावर माखले. पाऊण तास कोणी हलले नाही. मग चिंधीने लोखंड लख्ख पुसले आणि वरून खडूची पूड फुंकली. हूक पांढराशुभ्र झाला.

"झालं समाधान?" मालक हसले. "हळद पण लावा म्हणावं!"

त्यांचे वाक्य संपते न संपते तोच पांढऱ्यावर एक लाल ठिपका उमटला. त्याशेजारी दुसरा. पाहता पाहता केसासारखी बारीक रेघ वाकाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकत गेली. लोखंडाच्या पोटात शिरलेले कुंकू बाहेर येत होते. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने टोपी काढली. मी असंख्य कबुलीजबाब घेतले. निर्जीव वस्तूने दिलेला तो एकमेव.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "शेठ, उद्या दसऱ्याची पहिली बादली उचलताना नारळ तुम्ही फोडता. उभे कुठं राहता?"

मालकांनी वर पाहिले, मग पायाखाली पाहिले. ते दोन पावले मागे सरले. मग त्यांना दिसले की त्यांचे कामगार अजून तिथेच उभे आहेत.

"सरका रे सगळे!" त्यांचा आवाज फाटला. "मॅडम, भट्टी बंद. नवा हूक येईपर्यंत चावी तुमच्याकडंच राहू द्या."

मी तिथेच पंचनामा केला. मालकांनी तक्रार मागे घेतल्याचा जबाब दिला; तीन पत्रे दाबून ठेवल्याबद्दल मी कारखाने निरीक्षकांकडे स्वतंत्र अहवाल धाडला.

सेवेत असताना मी पोचपावतीला फार मानत असे. पत्र पोचले म्हणजे कर्तव्य संपले, हा माझाही कायदा होता. धोका ज्याला टाळायचा आहे, त्याला तो स्वतःच्या डोक्यावर दिसला पाहिजे, हे मला त्या बाईंनी शिकवले. निवृत्तीनंतर मी खचलेल्या पुलांबद्दल, उघड्या रोहित्रांबद्दल कार्यालयांना पत्रे लिहितो, आणि रागानेच लिहितो. पण आता पहिल्या ओळीत कलम नसते. त्या पुलावरून रोज सकाळी कोण जाते, ते असते.