माळावरची जांभळी फुलं

आमच्या ज्येष्ठांच्या सहलीचा गोरा ड्रायव्हर माणसांशी मोजकंच बोलतो. फूल दिसलं की मात्र बस थांबवतो, टोपी काढून गुडघ्यांवर बसतो आणि फुलाला "किया ओरा", म्हणजे इथला नमस्कार, म्हणतो.

वसंतात ओटागोच्या कोरड्या माळावर जांभळी रानफुलं पसरली होती, ओव्यासारख्या वासाची. सवयीनं मी देवासाठी ओंजळभर खुडली.

"आई, इथं फुलं तोडत नाहीत हो!" सोबत आलेली सूनबाई कुजबुजली. तेवढ्यात ड्रायव्हर समोर आला. आता सगळ्यांदेखत बोलणार, म्हणून मी ओंजळ पदराआड लपवली. सूनबाईनं त्याला देवपूजेचं सांगितलं. तो काहीतरी बोलला आणि ती हसली.

"हे तण आहे म्हणतात, आई. माळभर माजलंय. हवं तेवढं घ्या."

त्यानं स्वतः एक जुडी उपटली, माती झटकली आणि मला हळूच विचारलं, "गॉड लाइक?"

मी पदर पसरला आणि मोठ्यानं म्हटलं, "येस!"